जुन्या सोसायटीतले लहान घर की दूरच्या संकुलातले नवे: मुंबई महानगरातील मर्यादित पैशांचा प्रश्न

ताळेबंद:

डोंबिवलीत भाड्याने राहणाऱ्या आणि पहिले घर शोधणाऱ्या एका जोडप्याला ‘नवे दार’ यांनी परवा या मंचावर सल्ला दिला. पैसे बेताचे असतील तर मुंबईतील जुन्या सोसायट्यांकडे फिरकूही नका, विरार, बदलापूर किंवा पनवेलच्या पुढे नव्या संकुलात घर नोंदवा, आणि प्रकल्पाला रेरा क्रमांक, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडील नोंदणी, असला की निर्धास्त राहा, असा त्याचा आशय होता. अनेकांनी त्याबद्दल आभारही मानले. मला मात्र हा सल्ला धोक्याचा वाटतो आणि त्याची कारणे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते.

आधी पैशांचे पाहू. कमी पैसे असलेल्या माणसाची खरी अडचण मासिक हप्ता नसून सुरुवातीला हातात लागणारी रक्कम ही असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे 75 लाखांपर्यंतच्या कर्जात 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी फी सर्वसाधारणपणे या किमतीत धरली जात नाही. म्हणजे 50 लाखांच्या घराला 40 लाख कर्ज, 10 लाख स्वतःचे, वर मुंबईत 6 टक्क्यांप्रमाणे 3 लाख मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी फी. घर केवळ पत्नीच्या नावे घेतले तर शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, ती अवश्य घ्यावी. बांधकाम चालू असलेल्या घराला याखेरीज जीएसटी लागतो: 45 लाखांपर्यंतच्या आणि महानगरात 60 चौरस मीटरपर्यंत कार्पेट (भिंतींच्या आतील प्रत्यक्ष वापराचे क्षेत्र) असलेल्या घरावर 1 टक्का, अन्यथा 5 टक्के. जुन्या घराच्या फेरविक्रीवर तो नाही. शिवाय नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत भाडेही भरायचे आणि उचललेल्या कर्जाचे व्याजही, आणि ताबा एक वर्ष लांबला तर हा दुहेरी बोजा वर्षभर वाढतो.

रेराबद्दल तर मला अधिक काळजी वाटते. कल्याण-डोंबिवलीतील 65 इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेरा नोंदणी मिळवल्याचे उघड झाले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनी तेथे आयुष्याची पुंजी घातली त्यांनीही हा क्रमांक पाहूनच विश्वास ठेवला होता. बांधकाम परवानगी खरी आहे की नाही हे नियोजन प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊनच कळते. जमिनीचा तीस वर्षांचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून करून घ्यावा लागतो, बिल्डरच्या पॅनेलवरील वकिलाकडून नव्हे.

जुन्या सोसायटीत घेणाऱ्याला डोळ्यांसमोर उभी असलेली वस्तू मिळते. पाणी किती वेळ येते, गळती कोणत्या भिंतीला आहे, शेजारी कसे आहेत, हे पावसाळ्यात एक फेरी मारली की कळते. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आहे का, शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला, कोणाच्या नावावर आहे आणि पहिल्या खरेदीपासूनचे सर्व करारनामे सलग आहेत का, एवढे तपासले की मोठा धोका टळतो. माझ्या बहिणीने मुलुंडमध्ये असेच जुने वन रूम किचन घेतले आणि ती आज कार्यालयातून अर्ध्या तासात घरी पोहोचते.

नवे दार:

आपण माझ्या एका वाक्यावर एवढे लिहिलेत, परंतु जुन्या इमारतीचा दुसरा अर्धा हिशेब सोयीस्करपणे गाळलात. बँक जुन्या घराला कर्ज देताना इमारतीचे उरलेले आयुष्य पाहते. चाळीस वर्षांच्या इमारतीला वीस वर्षांचे कर्ज सहज मिळत नाही, आणि मुदत कमी झाली की हप्ता वाढतो. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे, आणि तिच्या अहवालात दुरुस्ती निघाली की प्रत्येक सभासदाच्या वाट्याला लाखाच्या घरातील वर्गणी येते. आपल्या 50 लाखांच्या गणितात ही रक्कम कोठे आहे?

रेरापूर्वीचा काळ ज्यांनी पाहिला नाही त्यांनाच रेरा क्षुल्लक वाटतो. माझ्या वडिलांनी सदनिकांच्या विक्रीविषयीच्या 1963 च्या मोफा कायद्याच्या भरवशावर घर नोंदवले होते. करारनामा होण्याआधीच बिल्डरने निम्म्याहून अधिक रक्कम घेतली आणि ती दुसऱ्या प्रकल्पात वळवली. आज 2016 च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, ताबा लांबला तर व्याज मागता येते आणि बांधकामातील दोषाची जबाबदारी पाच वर्षे बिल्डरवर राहते. 65 इमारतींचे प्रकरण भयंकर आहे, हे मी नाकारत नाही, पण त्यावरून संपूर्ण कायदा निरुपयोगी ठरवणे हा अन्याय आहे.

सकाळची लोकल:

मी बदलापुरात राहते आणि गेली अनेक वर्षे मुंबईत नोकरीला जाते, त्यामुळे ही चर्चा माझ्यासाठी कागदावरची नाही. सकाळच्या गाडीत ज्या बायका उभ्या असतात, त्यांतील बहुतेकींनी हा प्रवास हौसेने निवडलेला नाही. तरीही मी ‘नवे दार’ यांच्या बाजूने आहे. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांना स्वतंत्र खोली देता आली, कारण आमचे घर दोन बेडरूमचे होते. मुलुंडच्या वन रूम किचनमध्ये आजारी माणूस, अभ्यास करणारा मुलगा आणि रात्रपाळीहून आलेला नवरा एकाच खोलीत कसे राहिले असते, हे ‘ताळेबंद’ यांनी सांगावे. अर्ध्या तासाच्या प्रवासाचे कौतुक करताना घरात किती माणसे राहणार आहेत हे आधी विचारायला हवे, आणि दूर राहणाऱ्यांना चुकीच्या निर्णयाचे बळी समजणे कृपया थांबवावे.

शेअर सर्टिफिकेट:

जुन्या सोसायटीचा एक खर्च अजून कोणीच मांडलेला नाही. मी बोरिवलीत फेरविक्रीचे घर घेतले. व्यवहार ठरला, कर्ज मंजूर झाले, आणि सोसायटीच्या समितीने ना-हरकत पत्रासाठी ‘इमारत निधीला देणगी’ म्हणून मोठी रक्कम मागितली. सदनिकेच्या हस्तांतरणासाठी महापालिका क्षेत्रातील सोसायटीला जास्तीत जास्त 25 हजार रुपये अधिमूल्य घेता येते, हे राज्य शासनाच्या 2001 च्या परिपत्रकात स्पष्ट आहे आणि देणगीच्या नावाने वरची रक्कम घेण्यासही मनाई आहे. हे दाखवल्यावर समितीतील एका गृहस्थाने सांगितले की, नियम दाखवणाऱ्यांना पत्र मिळण्यास वेळ लागतो. घरमालकाला पैशांची घाई होती आणि माझी टोकनची रक्कम अडकली होती, म्हणून मी ती देणगी दिली. ज्याच्याकडे शेवटचा रुपयाही मोजून ठेवलेला असतो त्याला या रकमेसाठी सोने गहाण ठेवावे लागते, आणि जुनी घरे स्वस्त असल्याचे सांगणारे लोक हे कधीच सांगत नाहीत.

मानद सचिव:

मी अशाच एका जुन्या सोसायटीचा सचिव आहे आणि या कामाचा मला एक पैसाही मिळत नाही. आमच्या सभासदांनी पंधरा वर्षे सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, भरला, लिफ्ट बदलली, गच्चीचे वॉटरप्रूफिंग केले आणि पाण्याची टाकी नवी बांधली. नवा सभासद पहिल्या दिवसापासून हे सर्व वापरतो. 25 हजारांची मर्यादा 2001 ची आहे, आणि तेव्हापासून सिमेंट, मजुरी आणि लिफ्टच्या देखभालीचे दर कोठे गेले हे शासनाने पाहिलेले नाही. काही लाख एजंटला निमूट देणारा खरेदीदार सोसायटीसमोर मात्र परिपत्रक घेऊन उभा राहतो, याची मला चीड येते.

शेअर सर्टिफिकेट:

आपल्या चिडीला मान देता येणार नाही. तो सिंकिंग फंड, ती लिफ्ट आणि ती टाकी यांची किंमत विकणाऱ्याने घराच्या भावात माझ्याकडून आधीच वसूल केलेली असते. तेच पैसे दुसऱ्यांदा सोसायटीला का द्यावेत? मर्यादा कमी वाटत असेल तर आपल्यासारख्या सचिवांनी सोसायट्यांच्या महासंघामार्फत शासनाकडे ती वाढवण्याची मागणी करावी. अडलेल्या माणसाकडून पत्र रोखून पैसे घेणे ही लूट आहे, आणि आपण पगार घेत नसल्यामुळे ती कमी होत नाही.

मानद सचिव:

लूट हा शब्द मागे घ्यावा. माझ्या सोसायटीत एकही हस्तांतरण मी अडवलेले नाही आणि एकही देणगी पावतीशिवाय घेतलेली नाही.

ताळेबंद:

सचिव महोदय, पावती दिल्याने सक्तीची देणगी ऐच्छिक होत नाही. आपली सोसायटी प्रामाणिक असेल, ते मी मान्य करतो, परंतु ‘शेअर सर्टिफिकेट’ यांचा अनुभव अपवादात्मक नाही. घर शोधणाऱ्यांनी टोकन देण्याआधीच सोसायटीकडून हस्तांतरणाचे शुल्क लेखी मागून घ्यावे. अवाजवी मागणी झाली तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. हे टोकननंतर करायला गेले की खरेदीदाराच्या हातात काहीच उरत नाही, कारण करारनाम्याची तारीख त्याला रेटत असते. आणि समितीचे उत्तर कसे येते, यावरून पुढील वीस वर्षे आपण कोणाच्या शेजारी राहणार आहोत हेही कळते.

मानद सचिव:

लेखी विचारणा करण्याला माझी हरकत नाही. जी समिती असे उत्तर देण्यास नकार देते तिच्यात काहीतरी लपवण्यासारखे असते, एवढे मी मान्य करतो. परंतु याच काटेकोरपणाने विचारायचे असेल तर देणगीहून महत्त्वाचा प्रश्न आपण सर्वांनी सोडून दिला आहे, आणि तो म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे. सोसायटी स्थापन झाल्यावर बिल्डरने चार महिन्यांत अभिहस्तांतरण करून द्यायचे, म्हणजे जमीन व इमारत सोसायटीच्या नावावर करायची असते, तरी असंख्य सोसायट्यांची जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे. आम्ही मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरने न केलेले हस्तांतरण शासनाकडून करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज केला, तेव्हा मंजूर नकाशे, जुने करारनामे आणि मालमत्ता पत्रक गोळा करण्यात दोन अध्यक्ष बदलले. ही तरतूद 2008 च्या दुरुस्तीने आली, पण ती वापरण्याचे कष्ट घेणारे सभासद थोडेच असतात. ‘शेअर सर्टिफिकेट’ यांनी घर घेताना हा प्रश्न विचारला होता का?

शेअर सर्टिफिकेट:

विचारला होता, आणि आमच्या सोसायटीचे अभिहस्तांतरण झालेले आहे. देणगीच्या मुद्द्यावर माझे मत तसूभरही बदललेले नाही.

नवे दार:

सचिवांनी माझेच म्हणणे सिद्ध केले. जुन्या इमारतीत घर घेणारे बहुतेक जण मनात पुनर्विकासाची आशा धरून असतात: आज वन रूम किचन आहे, उद्या बिल्डर येईल आणि मोठे घर मिळेल. जमीनच नावावर नसेल तर ही आशा पुरी होणे फार कठीण असते. आणि पुनर्विकास सुरू झाला तरी सुटका होत नाही. माझ्या मामांची इमारत पाडली गेली, बिल्डरने काही महिने भाडे दिले आणि मग थांबवले. वयाच्या सत्तरीत ते दोघे भाड्याच्या घरांत फिरत राहिले आणि मामींनी नवे घर पाहिलेच नाही. शासनाच्या जुलै 2019 च्या निर्देशांनी 51 टक्के सभासदांच्या संमतीवर पुनर्विकास होऊ शकतो, म्हणजे आपली इच्छा नसली तरी आपल्याला घर रिकामे करावे लागू शकते. मर्यादित पैशांच्या माणसाने हा धोका पत्करावा, असे ‘ताळेबंद’ कोणत्या आधारावर सांगतात?

वरळी नाका:

म्हाडा या राज्य शासनाच्या गृहनिर्माण संस्थेच्या घरांच्या सोडतीचा उल्लेख कोणीच केला नाही याचे आश्चर्य वाटते. नंबर लागेलच याची खात्री नसते आणि घर पाच वर्षे विकता येत नाही, तरी उत्पन्न गटात बसणाऱ्याने अर्ज न करता बाजारात उतरू नये.

ताळेबंद:

सोडतीबद्दल सहमत आहे. ‘नवे दार’, आपल्या मामांबद्दल वाचून वाईट वाटले आणि त्या अनुभवापुढे माझ्या बहिणीचे उदाहरण ठेवण्याचा माझा हेतू नाही. पुनर्विकासाच्या आशेवर घर घेऊ नये, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. माझा सल्ला त्या आशेवर उभा नव्हता, राहण्यायोग्य घर आज मिळण्यावर होता. ‘सकाळची लोकल’ यांचा प्रश्नही रास्त आहे: घरात पाच माणसे असतील तर लहान घर परवडले तरी पुरत नाही, आणि तेथे दूरचे मोठे घरच योग्य ठरते. परंतु त्या जोडप्याने लिहिले होते की ते दोघेच आहेत आणि दोघांच्याही नोकऱ्या घाटकोपरच्या परिसरात आहेत. त्यांना विरारचा किंवा बदलापूरचा सल्ला देताना आपण हे वाचले नव्हते, आणि रेरा क्रमांक असला की निर्धास्त राहा हे वाक्य तर आपण अजूनही मागे घेतलेले नाही.

नवे दार:

निर्धास्त हा शब्द मी मागे घेतो. त्यांनी बांधकाम परवानगीची प्रत नियोजन प्राधिकरणाकडून पडताळून घ्यावी आणि शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून करून घ्यावा, एवढी भर माझ्या सल्ल्यात घालतो. नव्या घराबद्दलचे माझे मत कायम आहे. ते दोघे आज दोघेच आहेत, पण कर्ज वीस वर्षांचे असते.

सकाळची लोकल:

त्या जोडप्यातील ताईंनी काल मला निरोप पाठवून विचारले की बदलापूरहून घाटकोपरला बसायला जागा मिळते का. सकाळी मिळत नाही, असे मी त्यांना कळवले आहे. संध्याकाळच्या परतीच्या गाडीबद्दलही त्यांनी विचारले आहे, त्याचे उत्तर त्यांनी एक दिवस माझ्याबरोबर प्रवास करून स्वतः पाहावे, असे मी सुचवले आहे आणि त्या शुक्रवारी येणार आहेत.