मदत हवी आहे: इंग्रजीतल्या 'डॉग'चे नेमके अर्थ किती?

नमस्कार मंडळी, मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात आहे, इंग्लंडच्या गिऱ्हाईकाचा मेल आलाय की निळ्या पट्ट्याचं डिझाइन 'डॉग' निघालं, आपल्याकडं कुणाला कुत्रा म्हटलं की शिवीच म्हणून वाईट वाटलं, पण तिकडं न खपणाऱ्या मालाला तसं म्हणतात म्हणे. पोरगा म्हणतो मित्रालापण डॉग म्हणतात, वरचढ असला की टॉप डॉग, हरणार वाटणारा अंडरडॉग. तेवढं कळलं. खरी अडचण पुढंय, पॅकिंगला 'डॉग्ज डिनर' लिहिलंय, एकजण सांगतो विस्कटलेलं, दुसरा सांगतो नको तेवढं नटवलेलं, आम्ही तर सोनेरी रिबन हौसेनं लावलेली. मग रिबन काढू की घडी सुधारू? उद्या सकाळी शेठना उत्तर द्यायचंय, कुणी तिकडं राहिलेलं असेल तर प्लीज सांगा.