मदत हवी आहे: बाळंतपण, बायपोलर आणि लिथियम

नमस्कार मैत्रिणींनो. मी नाशिकची, सिडकोत माहेरी बाळंतपणाला आलेय. सव्वा महिना अजून व्हायचाय. बायपोलर (कधी मन पार खचतं, कधी उत्साह बेफाम चढतो, असा मनाचा आजार) लग्नाआधीपासून आहे. नवऱ्याला माहीत आहे, सासरी बाकी कुणाला नाही. बाळ झाल्यापासून मन पार खचलंय. त्याला जवळ घ्यावंसंही वाटत नाही, रडू मात्र कधीही येतं. बायपोलरमध्ये नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर मॅनिया (तो बेफाम चढलेला टप्पा) उसळू शकतो, म्हणून डॉक्टरांनी लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू ठेवलंय. ते दुधात उतरतं, त्यामुळे सध्या बाळाला वरचं दूध.

खरी लढाई घरात आहे. आईचं म्हणणं, बाळंतिणीने पाणी बेताचं प्यावं. वर शेक-शेगडी, अंगातून घामाच्या धारा. पण शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात थरथरतात, उलट्या होतात, प्रकरण गंभीरही होऊ शकतं. हे तिला पटवू कसं? (डिंकाच्या लाडवांवर माझा राग नाही, ते येऊ देत!)

दुसरं, जागरणाने मॅनिया येऊ शकतो, त्यामुळे मला सलग झोप हवीच. रात्री बाळ सांभाळणारी विश्वासाची बाई सिडको-इंदिरानगरकडे कुणाला माहीत आहे का? आणि बाळंतिणींचा अनुभव असलेले मानसोपचारतज्ज्ञ? गंगापूर रोड, नाशिकरोड, कुठलेही चालतील. टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर मराठीत बोलले, तेवढा धीर आला.

लिथियमवर असताना कुणी बाळाला पाजलंय का? बाळाच्या रक्ततपासण्या कशा केल्या? "गोळ्या बंद कर" एवढं मात्र कृपया सांगू नका.