विषय: वादळाआधी सासूबाईंना घेऊन कधी निघावं?

नमस्कार मंडळी,
आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी ठाण्याला, नौपाड्यात आले आहे. तिकडे टेक्ससला, गॅल्व्हेस्टन खाडीजवळच्या घरी हे, आठवीतली मुलगी आणि ८१ वर्षांच्या सासूबाई. आमचा झिप-झोन ए, म्हणजे वादळाआधी रिकामा करायच्या किनाऱ्याजवळच्या भागांपैकी एक. वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरलंय. हे म्हणतात, "कॅटेगरी दोनच आहे, उद्या बघू." इथे रात्रीचे दोन वाजलेत, डोळ्याला डोळा नाही. डलासला मावसभाऊ आहे, त्याच्याकडे पाठवू का?

---

ताई, मी आता नेरुळला असतो, पण ह्यूस्टनमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. उद्याची वाट बघू नका. कॅटेगरी वाऱ्याचा वेग सांगते, समुद्राचं पाणी किती चढेल ते नाही. २००८ चं आइक वादळ किनाऱ्याला लागलं तेव्हा कॅटेगरी दोनच होतं, आणि गॅल्व्हेस्टनजवळच्या बोलिव्हर द्वीपकल्पावरची घरंच्या घरं वाहून गेली.

पण डलास नको. २००५ साली रीटा वादळाच्या वेळी आम्ही तेच केलं. न्यू ऑर्लिन्स बुडवणाऱ्या कत्रिना वादळाला महिनाही झाला नव्हता, सगळे घाबरलेले. ज्यांना निघायची गरज नव्हती तेही रस्त्यावर आले. डलासकडे जाणाऱ्या आय-४५ महामार्गावर गाड्या हलेनात. पेट्रोल पुरावं म्हणून एसी बंद. मागच्या सीटवर आई. ओल्या पंच्याने तिचं तोंड पुसत होतो. दुपारी तिनं बोलणंच थांबवलं, तेव्हा घाबरून परत फिरलो. त्या पळापळीत शंभराहून जास्त माणसं गेली. त्यातली २३ वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या एका बसला आग लागून. ह्यूस्टनला मात्र वादळाचा फारसा तडाखा बसलाच नाही.

पाण्यापासून लांब जायचं, एवढंच. झोनबाहेर मंडळातल्या कुणाचं पक्कं घर मिळालं तर तीस-चाळीस मैल पुरे. टाकी आजच भरा. सासूबाईंची औषधं हातातल्या पिशवीत, डिकीत नको. पासपोर्ट, विम्याचे कागदही तिथेच. आणि देव सोबत घेऊ द्या. आमच्या आईनं देवघरापुढे दोन तास घालवले होते, ते दोन तास फार महागात पडले.

---

काका, तुमची मेल ह्यांना फोनवर अक्षरन् अक्षर वाचून दाखवली. ह्यूस्टनजवळच्या सायप्रस गावातल्या ताईंनी लगेच दोन खोल्या दिल्या, त्यांचे उपकार कसे फेडू! तिकडे अजून उजेड आहे, आत्ताच निघालेत. सासूबाईंनी अन्नपूर्णा जुन्या नऊवारीत गुंडाळून मांडीवर घेतली आहे. पोचल्यावर कळवते.