अनुभव धागा: नावावर केस असताना नोकरीचा अर्ज

निवड झाली, कागदपत्रांना बोलावलं, आणि साक्षांकन नमुन्यातला (नेमणुकीआधी स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्ममधला) तो एक रकाना समोर आला: ‘आपणांस कधी अटक झाली होती काय?’ इथे बरेच जण ‘नाही’ लिहून मोकळे होतात, आणि मिळालेली नोकरी त्या एका शब्दापायी जाते. या विषयाशी रोज संबंध येणाऱ्यांनी आपापल्या टेबलावरून काय दिसतं ते लिहावं. कुणाची कहाणी नको. कागद, कलम आणि क्रम हवा.

फौजदारी वकील, तालुका न्यायालय

पक्षकार म्हणतो, “साहेब, केस मिटली.” मिटली म्हणजे काय झालं, हे त्याला ठाऊक नसतं. फॉर्म भरण्याआधी तेच शोधायचं.

नुसती एनसी असेल तर ती अदखलपात्र नोंद. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. एफआयआर झाला, पण तपास संपूनही दोषारोपपत्र गेलं नाही, तर पोलिसांनी समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, न्यायालयाला पाठवलेली असते. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, तर ‘अ’. फिर्याद द्वेषाने खोटी दिलेली, तर ‘ब’. गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली, तर ‘क’. पोलिसांनी ‘ब’ पाठवली म्हणून खुश होऊ नका. मॅजिस्ट्रेटने ती मंजूर केल्याचा आदेश हातात हवा.

आरोप ठेवण्याआधीच सोडलं तर ते दोषमुक्त. खटला चालून सुटलात तर निर्दोष मुक्तता. तडजोडपात्र गुन्ह्यात रीतसर तडजोड नोंदली गेली, तर तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच. यातलं जे झालं असेल त्याची नक्कल विभागातून प्रमाणित प्रत काढा, एक नाही, तीन. दर वेळी नव्याने अर्ज करण्यात जीव जातो.

आता सगळ्यात मोठा खड्डा. जुगार कायद्याचं कलम बारा-अ, पोलीस कायद्याची ११०/११७, दारू पिऊन गाडी चालवल्याचं मोटार वाहन कायद्याचं १८५. कोर्टात कुणीतरी कानात सांगतं, “कबूल कर, दंड भर, अर्ध्या तासात घरी.” कबुली देऊन भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धी. रक्कम तीनशे रुपये असली तरी पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये ‘दंड झाला होता काय’ याचं उत्तर ‘होय’. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी कबुलीआधी वकिलाला विचारावं. वकील परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात जावं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतले आणि कमी उत्पन्नाचे, यांना मोफत वकील मिळतो.

आस्थापना शाखा, सरकारी कार्यालय

रकाना पूर्ण वाचा. त्यात अटक, खटला, स्थानबद्धता, बंधपत्र, दंड, शिक्षा आणि प्रलंबित प्रकरण असे वेगवेगळे प्रश्न असतात. चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेणारी कारवाई (फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १०७ आणि आता नागरिक सुरक्षा संहितेचं १२६), हा गुन्हा नव्हे. पण बंधपत्र लिहून दिलं असेल तर त्या उपप्रश्नाला ‘होय’च येतं. गावकीच्या भांडणातली अर्धी मुलं इथेच अडकतात.

‘होय’ लिहिल्यावर पुढे पोलीस ठाणं, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि साल, कलमं, न्यायालय, खटला क्रमांक, आजची स्थिती. जागा पुरत नसेल तर ‘सोबत जोडपत्र’ लिहून वेगळा कागद लावा. नमुना दिल्यानंतर गुन्हा दाखल झाला तरी कळवावं लागतं, हे खालच्या बारीक अक्षरांत असतं.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल इथे पाया आहे. खरं सांगितलं म्हणून नेमणूक द्यायलाच हवी असं तो म्हणत नाही. पूर्वचारित्र्य तपासायचा हक्क मालकाकडे राहतो. पण तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखं किरकोळ प्रकरण माफ करता येतं, आणि फॉर्मने स्पष्ट विचारलंच नाही ते ‘दडवलं’ म्हणून कारवाई करता येत नाही. २०२२ च्या पवन कुमार निकालात, माहिती दडवली एवढ्यावरून सरसकट काढू नये, असंही म्हटलंय. मात्र पोलीस आणि सशस्त्र दलांत कसोटी कडक असते. संशयाचा फायदा देऊन सोडलंय की पूर्ण निर्दोष ठरवलंय, हे तिथे निकालपत्रातून वाचतात.

पोलिसांच्या गोपनीय शाखेत काम केलेले

एक पुरवणी. निर्दोष सुटल्यावरही ठाण्याच्या नोंदीत ‘न्यायप्रविष्ट’ तसंच राहू शकतं. पडताळणीच्या अहवालात तेच उतरतं. म्हणून निकालाची प्रत अर्जासोबत ठाण्यात द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, आणि मग चारित्र्य पडताळणीचा ऑनलाइन अर्ज करा. क्रम उलटा झाला की अहवालही उलटा.

एचआर, खासगी कंपनी

आमच्याकडे पोलिसांपेक्षा ई-कोर्टवरचा (न्यायालयांच्या खटल्यांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावरचा) नावाचा शोध आधी होतो. बाहेरची तपासणी संस्था नाव, वडिलांचं नाव आणि पत्ता जुळवते. पाटील, शिंदे, जाधव आडनावांत भलत्याचीच केस चिकटते. तसं झालं तर चिडू नका. त्या केसचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसचा वेगळा ओळख क्रमांक) मागा आणि आरोपीचा पत्ता, वय वेगळं असल्याचं दाखवा.

प्रश्न ‘दोषसिद्धी झाली आहे का’ असा असेल आणि खटला चालू असेल, तर उत्तर ‘नाही’. ‘प्रलंबित आहे का’ असा असेल तर ‘होय’. स्पष्टीकरण चार ओळींत: साल, कलम, आजची स्थिती, पुढची तारीख. फिर्यादी किती वाईट आहे हे लिहू नका, ते कुणी वाचत नाही. हिशेबाच्या पदाला फसवणुकीची केस अडेल. शेताच्या बांधावरची मारामारी सहसा नाही. माझं मत विचाराल तर ऑफर लेटर आल्यावर, पण तपासणीच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी सांगावं.

परदेशी नोकरीची कागदपत्रं करणारे

आखातासाठी लागणारं पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून येतं. स्थानिक चारित्र्य दाखला वेगळा. नुसत्या एफआयआरने पासपोर्ट अडत नाही, न्यायालयाने दखल घेतली की अडतो. मग १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्याच न्यायालयाची परवानगी लागते. आदेशात मुदत लिहून घ्या. नाहीतर पासपोर्ट एकाच वर्षाचा निघतो.

बाल न्याय मंडळाशी संबंधित

अठराच्या आत घडलेलं असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ वाचा. त्याची अपात्रता चिकटत नाही. अपवाद सोळा ते अठरा वयातल्या, प्रौढ म्हणून चाललेल्या निर्घृण गुन्ह्यांचा.

सुटलेल्या बंद्यांसोबत काम करणारे

प्रौढांचा रेकॉर्ड काही वर्षांनी आपोआप पुसणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. परिविक्षेवर, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाच्या अटीवर, सोडलं असेल तर १९५८ च्या परिविक्षा कायद्याचं कलम १२ अपात्रता काढतं, दोषसिद्धी नाही. खात्याची कारवाई त्याने थांबत नाही.

शिक्षा भोगून आलेल्यांनी सुरक्षा रक्षकाच्या आणि टॅक्सी बॅजच्या मागे लागू नये, दोन्हीकडे पोलीस पडताळणी आडवी येते. तुरुंगात सुतारकाम, हातमाग, बेकरी शिकला असाल तर तुरुंग अधीक्षकांकडून तसा दाखला मागा. छोट्या कारखान्यात मालकच माणूस घेतो, तिथे तो उपयोगी पडतो. आधार, बँक खातं हे आधी उभं करा. त्यावाचून पगारच जमा होत नाही. जिल्हा परिविक्षा अधिकारी पुनर्वसनाचं पाहतात. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ १९९० पासून हेच काम करतो. जाताना सुटकेचा दाखला बरोबर ठेवा, तो पहिल्याच भेटीत मागतात.