आईकडचे तेलंगण, वडिलांकडचे मंगळवेढे : मूळ गाव कसे शोधावे?

पूर्वभागची_लेक :
माझे बालपण सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात गेले. आईचे घराणे पद्मशाली विणकरांचे असून तिची आजी, आमची अव्वा, लहानपणी निजामाच्या राज्यातून, करीमनगरकडून आली, एवढेच आम्हांला ठाऊक आहे. मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना ती तेलुगूत जुन्या गोष्टी सांगत असे. आम्ही मराठी शाळेतली मुले तिला मराठीत उत्तरे देत राहिलो आणि गावाचे नाव विचारायचे राहून गेले. वडील मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानातले. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी बैल विकले आणि ते इथे मिलमध्ये लागले. ती बाजू इथलीच असल्याने तिथे शोधण्यासारखे काही नाही, असे मी समजते. पुण्यात वाढणाऱ्या माझ्या मुलीने विचारले, "आपण मूळचे कुठले?" तिला खरे उत्तर द्यायचे आहे. अव्वाचे गाव कसे शोधावे?

मागवाला :
ताई, प्रथम इंटिपेरु म्हणजे घरनाव आणि गोत्र लिहून घ्या. येथील अनेक कुटुंबांचे आडनाव म्हणजे ते घरनावच आहे. परंतु शाळेच्या दाखल्यात ते मराठी कानाला ऐकू आले तसे उतरले, म्हणून एखाद्या वृद्ध तेलुगू भाषकाकडून ते म्हणवून घ्यावे. तिकडची जुनी सरकारी कागदपत्रे बहुधा उर्दूत असतात, हेही ध्यानात ठेवा. मात्र कागदांच्या आधी घरातील बायकांशी बोलावे. आमच्या घरी पुरुषांना गाव सांगता येईना, पण आत्याला लग्नासाठी पेद्दपल्ली स्टेशनवर उतरून बैलगाडीने गेल्याचे स्पष्ट आठवत होते आणि तेवढ्यावरून आम्ही गावापर्यंत पोहोचलो. सोयरिकी कुठे झाल्या, हे अवश्य विचारा.

काळे_रान :
आपली एक समजूत मला दुरुस्त करावीशी वाटते. मंगळवेढे १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, त्यामुळे आपले आजोबा जन्मले तेव्हा त्यांचे गाव सोलापूर जिल्ह्यात नव्हतेच. म्हणजे निजामाच्या राज्यातून आलेल्या अव्वांप्रमाणे आजोबांचेही मूळ दुसऱ्या राजवटीतले आहे. तालुक्याच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार आणि कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहाव्यात; बऱ्याच मोडीत असल्याने वाचणारा सोबत न्यावा. आणखी एक विचारतो, कारण आमच्या भागात या प्रश्नावर बरेच अवलंबून असते : आजोबांनी बैल विकले, पण जमीनही विकली होती का?

पूर्वभागची_लेक :
आपणा दोघांची मी आभारी आहे. धाकट्या मावशीला अव्वाच्या बहिणीचे सासर आठवले. त्या गावापासून शोध सुरू करते. वडिलांनाही विचारले. जमीन विकली नव्हती, चुलत्यांकडे बटाईने दिली होती. दर वर्षी पाडव्याच्या सुमारास चुलते आमच्या दारात ज्वारीची पोती उतरवून जात आणि ती त्यांनी मायेने दिलेली भेट आहे, असे मी आजवर समजत होते. तो आमच्याच रानाचा वाटा होता.