आयर्लंडने मार्क थ्री डबे भंगारात काढले ते बरोबर की चूक?

रूळप्रेमी:
आयर्लंडच्या जुन्या डब्यांबद्दल मराठीत कुणी बोलत नाही म्हणून मीच सुरू करतो. 2009 मध्ये तिकडच्या रेल्वेने मार्क थ्री डबे (ब्रिटिश बनावटीच्या डिझाइनचे, इंजिनाने ओढायचे लांब पल्ल्याचे डबे) सेवेतून काढले आणि बहुतेक सगळे थेट तोडायला पाठवले. हे डबे 1984 पासून धावायला लागलेले, म्हणजे त्यातला सगळ्यात म्हातारा डबा फार तर पंचविशीचा. याच घराण्यातले डबे शेजारी ब्रिटनमध्ये 1970च्या दशकापासून पळत होते आणि 2009 नंतरही कित्येक वर्षं पळत राहिले. मग आयर्लंडला एवढी घाई कसली होती? त्यांच्या जागी आल्या कोरियाच्या ह्युंदाई रोटेमच्या 22000 क्लास रेलकार, ज्यात प्रत्येक डब्याच्या पोटाखाली डिझेल इंजिन आहे आणि तुम्ही कुठेही बसा ती घरघर पायाखाली असतेच. मार्क थ्रीमध्ये इंजिन पुढे, डब्यांना वीज पुरवणारी जनरेटर व्हॅन एका टोकाला, आणि मधल्या डब्यात शांतता. मी डब्लिनला होतो तेव्हा तिथल्या ह्यूस्टन स्टेशनातून कॉर्कला त्यातून गेलोय, अडीच-पावणेतीन तास कसे जायचे कळायचं नाही. रेलफॅन लोक या डब्यांसाठी अजून हळहळतात आणि माझ्या मते ते नुसतं रडगाणं नाही, त्यात मुद्दा आहे.

मनमाडकर:
तुमचा मुद्दा म्हणजे "आमच्या वेळी" एवढाच आहे साहेब. रेलफॅनला इंजिन बदलताना बघायला मजा येते, पण ज्याला ऑफिसला जायचंय त्याला ते दहा मिनिटं उशिराचं कारण वाटतं. लोको लावलेल्या गाडीचं गणित बघा, शेवटच्या स्टेशनात इंजिन सोडायचं, दुसऱ्या रुळावरून फिरवून पलीकडच्या टोकाला आणायचं नाहीतर तिथे दुसरं इंजिन तयार ठेवायचं. रेलकारमध्ये ड्रायव्हर चालत दुसऱ्या टोकाला जातो, विषय संपला. शिवाय दोन रेलकार जोडून मोठी गाडी करता येते, गर्दी नसेल तेव्हा तीन डब्यांची छोटी पाठवता येते. आयर्लंडसारख्या देशात जिथे डब्लिन-कॉर्क सोडलं तर बाकी मार्गांवर गर्दी बेताची, तिथे वेस्टपोर्ट नाहीतर स्लायगोला इंजिन आणि जनरेटर व्हॅनची सगळी वरात कशाला न्यायची?

लिफीकाठ:
+1 मनमाडकर. आणि जनरेटर व्हॅन रोमँटिक वाटते ती प्लॅटफॉर्मवर तिच्या शेजारी उभं राहीपर्यंत. आपल्याकडे राजधानी-शताब्दीच्या टोकाला तोच आवाज आणि तोच धूर होता ना, त्याच्यावर कविता केलेली बघितली नाही कुणी.

रूळप्रेमी:
@मनमाडकर वेस्टपोर्टचं मान्य करतो, पण कॉर्कचं काय? तिथे तर त्यांनी 2006 मध्ये स्पेनच्या सीएएफ कंपनीचे मार्क फोर डबे आणले, 201 क्लासचं डिझेल इंजिन लावून. म्हणजे लोकोने ओढायची गाडी मोठ्या मार्गावर चालते हे रेल्वेलाच मान्य होतं. मग चांगले मार्क थ्री गर्दीच्या वेळेसाठी राखीव ठेवायला काय हरकत होती? आता खरी गंमत ऐका. रेलकारची बहुतेक ऑर्डर दिली ती तेजीच्या काळात, एकूण 234 डबे, आणि ते सगळे येऊन पोचेपर्यंत 2008 ची मंदी आली. प्रवासी घटले, त्यामुळे जुनं काही ठेवायची गरजच कुणाला दिसेना. पुढे अर्थव्यवस्था सावरली, गाड्या भरून वाहायला लागल्या आणि 2019 मध्ये याच रेलकारसाठी आणखी 41 डबे मागवावे लागले. दहा वर्षांपूर्वी शंभरावर डबे फोडले आणि मग नवे मागवले! त्या मधल्या काळात 201 क्लासची बरीच इंजिनं डब्लिनच्या इंचिकोर वर्कशॉपात काम नाही म्हणून उभी. इंजिन आहे तर डबे नाहीत.

कॉर्ककर:
इथे राहणारा म्हणून सांगतो, मार्क फोर बसायला बरा आहे पण हादरतो. मार्क थ्रीचं सस्पेन्शन खरंच वेगळं होतं, याबाबत जुने प्रवासी आणि रेलफॅन दोघंही एकच बोलतात. मात्र त्या डब्यांचे संडास थेट रुळावर मोकळे व्हायचे, त्याची आठवण कुणी काढत नाही 😀

पाळणाघर_मावशी:
मला रेल्वेतलं काही कळत नाही पण हा धागा वाचून राग आला म्हणून लिहिते. माझी बहीण तिकडे आहे, व्हीलचेअर वापरते. जुन्या डब्यात प्लॅटफॉर्मवरून चढायचं म्हणजे पायरी, अरुंद दार, आतला संडास तर विचारूच नका. तुम्हा लोकांची सगळी हळहळ दोन पाय धडधाकट असलेल्यांची आहे. शांतता, मऊ सीट, खिडकी... आणि जिला आतच जाता येत नव्हतं तिने कसली आठवण काढायची?

रूळप्रेमी:
ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढं म्हणेन की आयरिश मार्क थ्रीला ब्रिटनसारखी हाताने आपटायची दारं नव्हती, बटणावर चालणारी आपोआप दारं होती, म्हणजे त्या काळाच्या मानाने पुढचाच डबा होता तो. पुढे अजून बदल करता आले असते असं मला वाटतं.

गार्डाचा_डबा:
दारं बदलता येतात, पायरी नाही. पण मला वेगळ्याच गोष्टीवर बोलायचंय. मार्क थ्री आले कुठून हे विसरू नका. 1 ऑगस्ट 1980 ला बटिव्हंट स्टेशनात डब्लिनहून कॉर्कला जाणारी गाडी पूर्ण वेगात सायडिंगमध्ये शिरली आणि घसरली, 18 माणसं गेली. सगळ्यात जास्त चुराडा झाला तो लाकडी सांगाड्याच्या जुन्या डब्यांचा. तीन वर्षांनी 1983 मध्ये चेरीव्हिल जंक्शनजवळ उभ्या गाडीला मागून दुसरी धडकली, तिथे 7. बटिव्हंटसारख्या अपघातांमुळेच कुठे हे नवे डबे घ्यायचं ठरलं. म्हणजे आज ज्यांच्यासाठी हळहळ चाललीय ते डबेच मुळात जुन्या डब्यांचा लोभ सोडावा लागला म्हणून आले. तेव्हाही असे लोक असणारच ज्यांना लाकडी डबे गेले म्हणून वाईट वाटलं असेल. 1980 च्या आधी कुणी "अजून चालतायत की" म्हणत ते रुळावर ठेवले होते ना, त्याची किंमत कुणी मोजली?

स्लीपर_अप्पर:
जबरदस्त मुद्दा.

रूळप्रेमी:
मुद्दा जबरदस्त आहे पण इथे लागू नाही. लाकडी सांगाडा आणि मार्क थ्रीचा अखंड पोलादी डबा एका मापाने मोजता? मी लाकडी डबे ठेवा असं कुठं म्हटलं. उलट मी म्हणतोय की सुरक्षित म्हणून जे बांधले तेच निम्म्या आयुष्यात तोडले.

गार्डाचा_डबा:
पंचवीस म्हणजे निम्मं हे तुमचं माप. आणि जास्तीचे विकायचे तर कुणाला? आयर्लंडचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) 1600 मिमी, ब्रिटनचं 1435. तेच गेज आहे ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरियात नाहीतर ब्राझीलमध्ये. डब्याखालची चाकांची बोगी बदलून विकण्यापेक्षा भंगारवाला जवळ पडतो.

डेक्कनवाली:
मला क्रेवन्सबद्दल विचारायचं होतं, त्याला कुणी हात लावला नाही. 1963 ते 67 मधले डबे, शेफील्डच्या क्रेवन्स कंपनीचे, त्यात एसी नाही, गरम ठेवायला वाफ, आणि तरी 2006 पर्यंत चालले. म्हणजे साठच्या दशकातला डबा चाळीस वर्षं टिकतो आणि ऐंशीतला पंचविशीत जातो, हे उलटंच झालं की. आणि जपले कुठले गेले तर क्रेवन्स! आयर्लंडच्या रेल्वे प्रिझर्व्हेशन सोसायटीने ते घेतले आणि वाफेच्या इंजिनामागे अजून सहली काढतात. मार्क थ्रीतले दहा डबे तेवढे ग्रँड हायबर्नियन नावाच्या आलिशान गाडीत गेले, 2016 ला सुरू झाली, हजारो युरो तिकीट, कोविडमध्ये थांबली ती कायमची. म्हणजे सामान्य माणसाचा डबा वाचला तो श्रीमंतांसाठी 🙄 आपल्या डेक्कन क्वीनला 2022 मध्ये एलएचबी डबे लागले तेव्हा पुण्यात किती जणांनी गळा काढला होता, पण डायनिंग कार ठेवली म्हणून लोक गप्प बसले. मला वाटतं माणसाला डबा नको असतो, डब्यातला चहा-ऑम्लेट हवं असतं. तिकडेही तेच, रेलकार आल्यावर जेवणाचा डबा गेला आणि ट्रॉली आली, मग 2020 मध्ये ट्रॉलीही बंद झाली होती.

कॉर्ककर:
एलएचबीवरून आठवलं, तीच जर्मन लिंके हॉफमन बुश कंपनी. डब्लिनच्या किनाऱ्याने धावणाऱ्या डार्ट लोकलचे 1984 चे डबे त्यांचेच. म्हणजे आपल्या राणीची आणि डब्लिनच्या लोकलची भावकी निघाली.

मनमाडकर:
भावकी काढा नाहीतर सोयरीक जुळवा, तिकीट काढणाऱ्याला गाडी किती वेळाने आहे तेच बघायचं असतं. डबे वाचवायचेत ना, म्युझियममध्ये वाचवा, सोसायटीला वर्गणी द्या, रोजच्या वेळापत्रकात नकोत. आणि रूळप्रेमी, तुम्ही अजून सांगितलं नाही की राखीव ठेवलेले डबे वर्षातून दहा दिवस वापरायला ड्रायव्हर, वर्कशॉपची माणसं, सुटे भाग आणि जनरेटर व्हॅन कुठल्या पैशांनी सांभाळल्या असत्या.

रूळप्रेमी:
जनरेटर व्हॅनचं तर बोलूच नका! डब्लिन-बेलफास्ट धावणाऱ्या एंटरप्राइज गाडीचे फ्रान्सचे डबे 1997 चे, त्यांना वीज पुरवताना 201 इंजिनांवर इतका ताण यायला लागला की 2012 पासून त्या गाडीला कुठली व्हॅन जोडली सांगा बरं? मार्क थ्रीचीच, निवृत्त केलेली. नवीन गाडीला जुन्याने हात दिला.

मनमाडकर:
हो, पण त्या व्हॅनमध्ये प्रवासी बसत नाहीत. तुम्ही बसणार असाल तर सांगा, बेलफास्टपर्यंत कानात कापूस घालून जा, मी स्टेशनावर सोडायला येतो.