साठी झाली की डोळ्याच्या गोळ्या? कुणी सांगितलं?

मंगळवारपेठकर: 'साठीनंतर ल्युटीन घ्या, मोतीबिंदू विरघळतो' ही कालची पोस्ट वाचून डोकं उठलं. ल्युटीन म्हणजे पालेभाज्यांतलं रंगद्रव्य. त्यानं विरघळायला मोतीबिंदू काय खडीसाखर आहे? तो ऑपरेशननंच जातो. ज्या अमेरिकी 'एरेड्स' अभ्यासाचं नाव घेऊन हे चाललंय, त्यात २००१ साली जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा फायदा दिसला तो वयानं होणारी डोळ्याच्या पडद्याची झीज मध्यम टप्प्यावर असलेल्यांना. पाच वर्षांत आजार वाढण्याचा धोका साधारण २५ टक्के कमी. झीज सुरूच झाली नसेल तर गोळ्या ती रोखत नाहीत, आणि मोतीबिंदूवर परिणाम शून्य.

रंकाळाकाठ: काय सांगालाय मास्तर! आमची आई ७४ ची. गोळ्या चालू केल्यापासून पोथी बिनचष्म्याची वाचालीय. तुमचा अमेरिकावाला येऊन बघून जाऊ दे.

मंगळवारपेठकर: म्हातारपणी अचानक जवळचं बिनचष्म्याचं दिसायला लागणं हे मोतीबिंदू पिकत चालल्याचंही लक्षण असतं. दाखवा आधी.

रंकाळाकाठ: आईवर नका घसरू.

गंगावेशचा_दूधकट्टा: ह्या गोळ्यांपेक्षा ते विकणारे ताप झालेत. रंकाळ्यावर फिरायला गेलं की कोण ना कोण डबा काढतंय. आमचा भाचा तर बारशात 'काका, बिझनेस प्लॅन ऐका' म्हणत मागं लागला. पाहुणा म्हणून दोन डबे घेतले, आता फोन केला की 'मीटिंगमध्ये आहे'.

शाहूपुरी_००७: माझ्या साडूनं सासऱ्यांनाच मेंबर केलंय. दिवाळीला घरात दोन तट!

औषधवाला: भाच्याचं बास करा. डब्यावर बीटा कॅरोटीन (गाजरातलं रंगद्रव्य) लिहिलंय का ते बघा. 'एरेड्स'च्या पहिल्या गोळ्यांत ते होतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, सोडलेल्यांनीसुद्धा, ते घेऊ नये. फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून तर 'एरेड्स'च्याच दुसऱ्या अभ्यासानंतर, २०१३ पासून, त्याजागी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि त्याच जातीचं २ मिलिग्रॅम झियाझँथिन आलं. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा जादा फायदा त्या अभ्यासात दिसला नाही, तरी गिऱ्हाईक माशाच्या तेलाचीच कॅप्सूल मागतंय.

गंगावेशचा_दूधकट्टा: आमच्या डब्यावर आहे की बीटा कॅरोटीन! आणि आमचे वडील गेल्या वर्षापर्यंत विडी ओढत होते. थांबा, भाच्याला गाठतोच.

शाहूपुरी_००७: मीटिंगमध्ये असंल.

रंकाळाकाठ: मास्तर, तुमचं पटलं म्हणून नव्हे, पण आई म्हणते रात्री दिव्याभोवती वलय दिसतंय. सोमवारी नेतोय डॉक्टरकडं.

मंगळवारपेठकर: न्या. डोळ्याचं प्रेशरही तपासायला सांगा. गोळ्यांची बाटली बरोबर न्या.

गंगावेशचा_दूधकट्टा: भाचा सापडला. सील फोडलेला डबा परत घेत नाहीत म्हणे.